हरवलेल्या जादूनगरीचा इतिहास रचताना

नगरी कशी बुडाली हे नंतर ठरवा, आधी ती काय खात होती ते ठरवा. वस्ती २०,००० आणि माणशी रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर दिवसाला १०० क्विंटल लागतं. गाडीमागे १० क्विंटल धरले तर रोज १० बैलगाड्या वेशीतून आत यायला हव्यात. धान्यही जादूनेच येत असेल तर शेतकरी, बाजार, जकात सगळंच निकालात, मग कथेत भांडायचं कशावरून? जादूला एकच काम द्या. कोल्हापूरच्या पंचगंगेत सरस्वती गुप्त वाहते असं मानतात. तशी एखादी नदी मंत्राने वर खेचलेली असू दे. मंत्र जाणणारं घराणं संपलं की नगरीला उतरती कळा.

सगळ्यात जास्त घोळ अवशेषांत होतो. नाश एका रात्रीत झाला असेल तर चुलीवर भांडी आणि पेटीत दागिने सापडायला हवेत. वस्ती हळूहळू उठली तर लोक तुळया, कड्या, तांबं-पितळ काढून नेतात, मागे उरतात खापरं. प्रलय एका रात्रीचा आणि वाडे मात्र रिकामे, हे पटत नाही. (नंतर चोर येऊन गेले असतील तर त्यांचे खड्डे दाखवा, खड्ड्यांमुळे थर मिसळतात, वरची नाणी खाली जातात.)

आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. समुद्र घाटाखाली, मूर्ती घाटावर! अशी एखादी परकी वस्तू तुमच्या नगरीतही ठेवा, पण ती कुठल्या वाटेने आली हे स्वतःपुरतं तरी लिहून ठेवा.