टॅब की लॅपटॉप? आधी डिस्प्लेची किंमत विचारा

गेल्या आठवड्यात शेजारच्या वहिनी आल्या होत्या, मुलगी अकरावीला गेलीय, टॅब घेऊ की लॅपटॉप, तुमच्याकडे दोन्ही वापरून झालेत ना म्हणून विचारते. झालेत, आणि दोन्ही रिपेअर पण करून झालेत. म्हणून जरा सविस्तरच लिहिते, कारण पुण्यामुंबईतले रिव्ह्यू बघून घेतलेली वस्तू आमच्या पूर्णगडच्या खाऱ्या हवेत कशी टिकते ते त्या रिव्ह्यूत कुठेच नसतं.

आधी टॅब. 2021 च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइनच होती तेव्हा धाकटीसाठी 14 हजारांचा घेतला. दोन वर्षं एक रुपया खर्च नाही. खरंच छान चालला, त्यात पंखा नाही, बिजागरी नाही, कीबोर्ड नाही, म्हणजे धूळ आत ओढणारं किंवा झिजणारं फारसं काही नसतंच, आणि लाईट गेली तरी दिवस निघतो. हे आमच्याकडे किती महत्त्वाचं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको, 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती.

मग एक दिवस ओटीवरच्या बाकावरून पडला. उंची ती काय, गुडघ्याएवढी. पण नेमका कोपऱ्यावर पडला, काच तडकली आणि अर्ध्या भागाचा टच गेला.

रत्नागिरीला तीन दुकानं फिरले. दोघांनी हातात घेऊन परत दिला, टॅबचं आम्ही करत नाही. तिसऱ्याने 6,500 सांगितले, तेही डिस्प्ले मुंबईहून मागवायचा, पैसे आधी द्यायचे. फोनचं फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा तयार संच, कुठल्याही दुकानात मिळतं कारण ते फोन गावोगाव खपलेले असतात, टॅबचं एकेक मॉडेल तेवढं खपत नाही मग त्याचा पार्ट दुकानदार कशाला भरून ठेवेल. त्यात बऱ्याच टॅबमध्ये वरची काच आणि आतला डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेला असतो, नुसती काच फुटली तरी अख्खा संच बदला.

पार्ट आल्यावर मी तिथेच स्टूलवर बसून बघितलं. गरम प्लेटवर टॅब ठेवला, कडेचा गम मऊ झाल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने हळूहळू सरकवत नेली. एका कोपऱ्यात दुकानातला पोरगा थांबला, म्हणाला काकी इथे खाली फ्लेक्स आहे, म्हणजे पातळ पट्टीसारखी केबल, जोर लागला तर दुसरा खर्च. बॅटरी पण खाली गमनेच बसवलेली, रॅम आणि स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं, म्हणजे बोर्ड गेला तर पोरीच्या नोट्स पण गेल्या. पुढच्या पावसाळ्यात चार्जिंग पोर्टच्या पिना काळ्या पडल्या, त्याचे 900. एकूण 7,400 झाले, वस्तू 14 हजारांची. आणि तोवर कंपनीचे अपडेट बंद झालेले.

आता लॅपटॉप. थोरल्यासाठी 2022 ला घेतला 38 हजारांना, तो लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला आहे. लॅपटॉप टॅबपेक्षा जास्त वेळा बिघडला, हे सांगायलाच पाहिजे. बिजागरीचे 1,200, कीबोर्डचे 1,500, बॅटरीचे 2,800, आणि परतीच्या पावसात वीज चमकत असताना प्लग तसाच राहिला त्यात अडॅप्टर गेला त्याचे 1,100. झाले 6,600. पण त्यातलं एकही काम कोणी नाही म्हणालं नाही, प्रत्येक वेळी जेवढं बिघडलं तेवढंच बदललं.

बिजागरी तर बऱ्याच लॅपटॉपची जाते आणि त्याचं कारण मला तेव्हा कळलं. बिजागरी लोखंडाची पण ती ज्या स्क्रूवर बसते ते स्क्रू प्लास्टिकच्या बॉडीत रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत पिळलेले असतात. पोरं स्क्रीनचा एक कोपरा धरून झटक्यात उघडतात, त्यात बिजागरी जड झालेली असली की सगळा ताण त्या नटांवर येतो आणि ते प्लास्टिक फोडून बाहेर येतात. तेवढ्यावर दाखवलं तर चिकटवून काम होतं, तसंच दामटत राहिलं तर स्क्रीनची केबल पण तुटते. मधोमध धरून उघडायचा, बास.

त्याच वेळी मागचं झाकण काढलं होतं तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने मला टॉर्च मारून यूएसबी पोर्टची बाजू दाखवली. धातूवर हिरवट पांढरी भुकटी बसलेली, आमच्या खिडकीच्या पितळी कडीवर बसते ना अगदी तशीच. पाण्याचा थेंब कधी पडला नव्हता, ही सगळी हवेतल्या मिठाची आणि ओलीची करामत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जुन्या ब्रशने घासलं, दहा मिनिटांत साफ. ओल असताना करंट चालू असला की गंज फार लवकर धरतो, म्हणून भिजलेली वस्तू चालू होते का बघू म्हणून बटण दाबायचं नाही, तांदळात पुरून पण ठेवायची नाही, सरळ उघडून साफ करून घ्यायची. आणि जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेली मशीन तर हमखास बुरसटते. रोज तासभर चालवली की आतल्या उबेने ओल धरत नाही. सॅकमध्ये सिलिका जेलच्या पुड्या मी ठेवतेच.

मला राग येतो तो पार्टचा. युरोपात 20 जून 2025 पासून नियम आहे, टॅबचं मॉडेल विकायचं बंद केल्यावरही कंपनीने 7 वर्षं स्पेअर पार्ट द्यायचे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, चांगलं केलं, पण पोर्टलवर माहिती असली तरी रत्नागिरीच्या दुकानात डिस्प्ले नसला तर बारावीच्या पोरीने पंधरा दिवस काय करायचं?

वहिनींना मी एवढंच म्हटलं, दुकानदाराला रॅम किती विचारायच्या आधी डिस्प्ले केवढ्याला, बॅटरी केवढ्याला आणि बसवणार कोण ते विचारा. डिस्प्ले किमतीच्या निम्म्याला जात असेल तर ती वस्तू घेऊच नका. नुसते व्हिडिओ बघायला आणि पीडीएफ वाचायला हवा असेल तर टॅब वाईट नाही, फक्त चांगलं जाड कव्हर पहिल्या दिवशीच घाला. पण पुढे चार वर्षं टायपिंग, प्रोजेक्ट, कोडिंग असं काही असेल तर लॅपटॉपच, जुना घेतलात तरी चालेल. जुना घेताना इंटेलच्या प्रोसेसरची आठवी जनरेशन किंवा पुढची बघायची, कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आठवीच्या आधीच्या मशीनवर विंडोज 11 सरळ चढत नाही. मागचं झाकण स्क्रूने उघडतं का, एसएसडी (ज्यात फाइली साठतात ती) आणि रॅम बदलता येते का, हेही विचारून घ्यायचं.

शनिवारी त्या आणि मुलगी पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेल्या. संध्याकाळी लॅपटॉप दाखवायला आणला, सेकंडहँड, 21 हजारांचा. मुलीने दुकानातच स्क्रू काढायला लावून मोबाईलच्या टॉर्चने सगळे पोर्ट तपासले म्हणे. एका पोर्टवर हिरवट डाग दिसला तेव्हा तो बाजूला ठेवून दुसरा पीस घेतला.