लांडगा, १४१४ आणि वाईजवळच्या वाड्यातली फिरंग

जुन्या शस्त्रांचं डॉक्युमेंटेशन आणि कॉन्झर्व्हेशन हे माझं काम, त्यातही युरोपियन पात्यांचा नाद जास्त. पुण्यात बसून युरोपियन तलवारींचा अभ्यास कसला करतेस असं बरेच जण विचारतात, त्यांना मी सांगते की सतराव्या शतकातली जर्मन पाती बघायची असतील तर आपल्याच जुन्या घरांमधे, देवघराशेजारच्या भिंतीवर टांगलेली सापडतील. आपल्याकडे त्यांना फिरंग म्हणतात. पातं युरोपचं, मूठ इथली. पोर्तुगीजांनी गोवा, चौल, वसई मार्गे ही पाती आणली, इंग्रज कंपनीनेही सतराव्या शतकाच्या सुरवातीला सुरतेत विकायला आणली होती, नुसती पाती यायची आणि इथले कारागीर त्यांना आपली मूठ बसवायचे. अशाच एका फिरंगीचा हा अनुभव, केव्हापासून लिहायचा राहून गेला होता.

वाईजवळच्या एका गावातून रात्री फोन आला. वाड्यातल्या मोठ्या काकांचा पुतण्या बोलत होता, आवाजात घाई. म्हणाला ताई, आमच्याकडे एक सरळ पात्याची तलवार आहे, एका व्यापाऱ्याने बघितली, तो म्हणतो मूठ अस्सल मराठा आहे पण पातं इंग्रजांच्या काळात कुणीतरी बदललंय आणि वर १४१४ साल खोटं कोरलंय, १४१४ मधे कुठले मराठे आणि कुठले पोर्तुगीज, म्हणजे सरळ सरळ बनावट. तो जुनं पातं घेऊन जाणार, त्याजागी जौहरदार, म्हणजे पोलादात लाटांसारखी नक्षी दिसणारं देशी पातं बसवून देणार आणि वर थोडे पैसे पण देणार. उद्या संध्याकाळी येतोय.

१४१४ ऐकल्यावर माझी झोपच उडाली. आधी विचारलं आकडा कुठे आहे, तर म्हणाला पात्यावर मुठीपासून साधारण वीतभर अंतरावर, आणि शेजारी कसल्यातरी रेघोट्या आहेत. मी म्हटलं तलवारीला हात लावू नका, पुसू पण नका, मी सकाळी निघते.

पोचले तेव्हा तलवार ओसरीवर पलंगावर वर्तमानपत्रावर ठेवलेली आणि शेजारी पॉलिशचा डबा आणि सँडपेपर. व्यापारी येणार म्हणून चकाचक करून ठेवायची होती. नशीब की अजून सुरवात केली नव्हती. काकूंनी सांगितलं, दर खंडेनवमीला मीच घासते हो, सासूबाई चिंच आणि राखेने घासायच्या, मी पॉलिशने घासते. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही, चारशे वर्षाचं लोखंड या हवेत टिकलं ते अशा बायकांनी दरवर्षी हात फिरवला म्हणूनच टिकलं. पण घासल्याने काय जातं ते त्यांना दाखवायलाच हवं होतं.

ही तलवार त्यांच्या सासऱ्यांच्या काळापासून एका सागवानी फळीवर पितळी पट्ट्यांनी घट्ट बसवलेली होती. पूजेला फळीच खाली उतरवायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि जी बाजू समोर ती घासायची. फळीकडची बाजू पन्नाससाठ वर्षं कुणी बघितलीच नव्हती. व्यापाऱ्याने मूठ नीट बघता यावी म्हणून तलवार फळीवरून सोडवायला लावली तेव्हा मागची बाजू उजेडात आली आणि तो आकडा दिसला.

समोरची बाजू आरशासारखी. तिच्यावर एकही खूण नाही, खोबणीच्या कडासुद्धा झिजून गोल झालेल्या. उलटी केली तर मागची बाजू तपकिरी काळी, मधेमधे गंजाचे बारीक खड्डे, आणि तिथे ते सगळं शाबूत. खिडक्या लावून घेतल्या, टॉर्च पात्याला जवळजवळ चिकटवून आडवा धरला. असा तिरका उजेड टाकला की कोरलेल्या रेघांना सावली पडते आणि जे सरळ उजेडात दिसत नाही ते वर येतं. मुठीच्या दोन्ही बाजूंनी पात्यावर उतरणाऱ्या नक्षीच्या पट्ट्या असतात ना, रिव्हेट मारलेल्या, त्या पट्टीच्या टोकाच्या जरा पुढे, मधल्या खोबणीत, दहाबारा तिरप्या घावांनी काढलेला एक प्राणी. लांब अंग, पुढे ताणलेले पाय, मागे शेपटीची एक रेघ. घरातले त्याला घोडा म्हणत होते. मी मायक्रोस्कोप लॅपटॉपला लावला आणि मागच्या पायाच्या रेघेत पिवळा कण चमकला. पितळ. छिन्नीने रेघ खोदायची आणि तिच्यात पितळेची तार ठोकून बसवायची, ती पद्धत. १४१४ च्या पहिल्या चारमधे पण तसंच पितळ उरलेलं.

काकांना म्हटलं, हा घोडा नाही काका, लांडगा आहे.

धावता लांडगा ही मुळात पासाऊची खूण. पासाऊ म्हणजे जर्मनीत डॅन्यूब नदीकाठचं शहर, मध्ययुगात पात्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या पात्यांचं नाव एवढं झालं की पुढे झोलिंगेनच्या लोहारांनीही लांडगा उचलला. झोलिंगेन पण जर्मनीतच, वुपर नदीजवळ, तिथे पातं घडवणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, पाणचक्कीवर घासणारा वेगळा, प्रत्येकाचा आपापला संघ, आणि गाव सोडून बाहेर जाऊन धंदा करणार नाही अशी शपथ घ्यावी लागायची. या झोलिंगेनने युरोपभर पाती पुरवली आणि गिऱ्हाइकाला जी खूण आवडते ती मारून दिली. कुणाला तोलेदो, म्हणजे तलवारींसाठी नावाजलेल्या स्पेनमधल्या शहराचं नाव हवं तर ते, कुणाला आंद्रेआ फेरारा हवं तर तेही. फेरारा हा सोळाव्या शतकातला इटलीतल्या बेल्लुनोचा लोहार, पण स्कॉटलंडच्या तलवारींवर त्याचं नाव इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या स्पेलिंगने सापडतं की त्यातली बहुतेक झोलिंगेनचीच हे आता अभ्यासकांमधे सर्वमान्य आहे. म्हणून स्पेलिंग चुकलं की खोटी, असं युरोपियन पात्यांच्या बाबतीत लगेच म्हणता येत नाही, आणि नाव बरोबर आहे म्हणून खरी असंही नाही.

आता १४१४. हा आकडा साल नाहीच. लांडग्याच्या जोडीला १४१४ अशी कितीतरी पाती आहेत आणि त्यांची घडण बघितली तर ती सोळाव्या सतराव्या शतकातली. सगळी एकाच वर्षी तीही शंभर दोनशे वर्षं आधी बनली असं शक्य नाही. तो शुभ मानलेला आकडा, धारकऱ्याचं रक्षण करणारा, पातं फुटू नये म्हणून घातलेल्या ताईतासारखा. व्यापाऱ्याने ज्या आकड्यावरून पातं खोटं ठरवलं तोच आकडा पातं कुठलं ते सांगत होता. हे मी सांगितलं तेव्हा पुतण्या ताडकन उठला आणि परत एकदा स्वतः मायक्रोस्कोपमधून बघून आला.

पण खुणेवर थांबून चालत नाही, इथले कारागीर पण युरोपियन खुणांची नक्कल करायचे, विशेषतः चंद्रकोरीसारख्या दातेरी कमानींची जोडी, ती इटलीतल्या जेनोव्हाच्या पात्यांवरची खूण आपल्याकडे इतकी लोकप्रिय होती की देशी पात्यांवर पण सर्रास मारलेली दिसते. म्हणून बाकीचं बघायला लागतं. पात्याची लांबी ९१ सेंटीमीटर, मुठीजवळ रुंदी पावणेचार, टोकाकडे हळूहळू निमुळतं. एका बाजूला पूर्ण धार, दुसऱ्या बाजूला फक्त पिपळ्याकडे, म्हणजे टोकाशी, वीतभर. खोबणी तीन, मधली सगळ्यात लांब, आणि तिन्ही इतक्या सरळ आणि एकसारख्या की मोठ्या चक्कीवर घासल्याचं कळतं. पातं दोन्ही हातात धरून अगदी हलकं वाकवलं की परत सरळ होतं. जौहरदार पोलादाचं पाणी अप्रतिम, धार अप्रतिम, पण लांब सरळ पात्याला लवचिकपणा हवा आणि तिथे ही जर्मन पाती सरस, म्हणूनच आपल्या लोकांनी ती पैसे मोजून घेतली.

आणि खरा प्रश्न होता की मूठ आणि पातं एकमेकांबरोबर किती काळ आहेत. आपल्या तलवारीत पात्याचा मुठीत जाणारा भाग लाखेसारख्या मिश्रणाने पक्का करतात. मूठ तापवली की लाख मऊ होते आणि पातं निघतं, नवीन बसवणं अर्ध्या तासाचं काम, व्यापाऱ्याला हेच करायचं होतं. म्हणजे कुणी आधी केलेलं असेल तर त्याच्याही खुणा असणार. तोंडाशी लाख बघितली, एकदम काळी, बारीक तडे गेलेली, तड्यात धूळ आणि जुनं तेल दगडासारखं घट्ट झालेलं. कुठेही पुन्हा तापवल्याचा बुडबुडा नाही, नवीन भरलेली चकचकीत लाख नाही. पट्ट्यांचे रिव्हेट पात्यातून आरपार आणि दोन्हीकडून ठोकलेले, एकही बदललेला नाही. सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या बाजूचा गंज पट्टीच्या कडेला थांबत नव्हता, पट्टीच्या खाली तसाच आत गेला होता. हे मला काकूंनाच दाखवायचं होतं. त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, म्हणजे हे दोघं एकत्रच म्हातारे झाले.

यापेक्षा चांगलं वाक्य माझ्या रिपोर्टमधे नाही.

दुपारी जेवणानंतर स्वच्छतेचं काम. व्हाइट स्पिरिटमधे भिजवलेले कापसाचे बोळे फिरवून तेल, कुंकू, पॉलिशची पांढरी पूड काढली, खोबणीतली बांबूच्या काडीने. काळा थर तसाच ठेवला, तो स्थिर आहे, लोखंडाला त्याचाच आधार आहे. सुटलेला लाल गंज होता तेवढाच उचलला. मग मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्सचा पातळ हात आणि मऊ कापड. पुतण्याला म्हटलं समोरच्या बाजूलाही इथून पुढे हेच, सँडपेपर घराबाहेर. त्याने डबा आणि कागद दोन्ही उचलून गोठ्याकडे नेऊन ठेवले.

सहाच्या सुमारास व्यापारी आला. माणूस बोलायला गोड, पण तलवार बघून लगेच म्हणाला, अरे पॉलिश नाही केली. मी लॅपटॉपवरचे फोटो दाखवले, लांडगा, आकडा, लाख. त्याने वाद घातला नाही, पवित्रा बदलला. म्हणाला असेल जर्मन, पण मग परदेशी पात्याला मराठा तलवार कोण म्हणणार, गिऱ्हाइकाला देशी पातं लागतं, मी तुमच्या भल्याचं सांगतोय.

मला राग आला होता पण मी फोनमधे दुसरा फोटो काढला. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले, सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब, त्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमधे लंडनला लिलावात आली आणि महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाख रुपयांना मिळवून इकडे आणली, तिचं पातं युरोपियन बनावटीचं आहे आणि त्यावर देवनागरीत सोन्याच्या पाण्याने रघुजींचं नाव आहे. काकांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून वाचला, आणि व्यापाऱ्याला म्हणाले, सेनासाहेब सुभ्यांना चालत होतं ते आम्हाला पण चालेल. चहा घ्या, आणि मग निघा.

जाताना त्याने नुसतं पातं विकायचं झालं तर बाहेर चांगला भाव मिळेल असंही सुचवलं. तेव्हा मात्र मी स्पष्ट सांगितलं की शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याने खाजगी माणसाला बंदी आहे. तो काही बोलला नाही. मूठ एकीकडे आणि पातं दुसरीकडे अशा किती फिरंगी फुटल्या असतील याचा विचार केला की मला खरंच वाईट वाटतं, कारण सुटं पातं म्हणजे जर्मनीतली शेकड्यांनी सापडणारी एक वस्तू, सुटी मूठ म्हणजे दुकानातली शोभेची वस्तू, आणि झोलिंगेनचा लोहार ते वाईचा वाडा हा सगळा प्रवास फक्त त्या लाखेच्या जोडात आहे.

निघायच्या आधी काकांबरोबर बसून नोंद पूर्ण केली. दोन्ही बाजूंचे फोटो स्केलसकट, मापं, वजन १ किलो १५० ग्रॅम, लांडग्याचं पारदर्शक कागदावर ट्रेसिंग, फळीवर कशी होती त्याचं चित्र, कुणाकडून कुणाकडे आली ते काकांना आठवतं तेवढं त्यांच्याच शब्दात. घराण्यात सांगतात की ही वसईच्या मोहिमेत मिळाली. वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मधे घेतली, पातं त्याच्या बरंच आधीचं, त्यामुळे पोर्तुगीजांकडून हाती आलं हे जुळू शकतं, पण नुसतं जुळतंय म्हणून मी ते रिपोर्टमधे सिद्ध झालेलं असं लिहिलं नाही, कौटुंबिक माहिती या रकान्यात लिहिलं. काकांना ते आधी आवडलं नाही. मग मी त्यांना म्हटलं की घरात दप्तर असेल, मोडी कागद असतील तर ते काढा, तिथे एक ओळ सापडली तर रकाना बदलू. माळ्यावर दोन ट्रंका आहेत म्हणाले.

पात्याबद्दल माझं मत मी सही करून दिलंय. झोलिंगेन, सतरावं शतक, बहुधा पहिला अर्धा भाग. पासाऊ नाही, कारण लांडगा फारच मोजक्या घावांत उरकलेला आहे, जुन्या पासाऊच्या लांडग्याला भरीव अंग असतं, हा नुसता रेघांचा आहे. मूठ त्यानंतरची पण फार नंतरची नाही. तलवार आता फळीवर परत बसवलेली नाही, सुती कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवलीय, आणि खंडेनवमीला बाहेर काढून हळदकुंकू पात्याला न लावता शेजारच्या ताटात वाहायचं असं काकूंनीच ठरवलंय.