मॅक्टॉमिनेला जागा सापडली

मँचेस्टर युनायटेडवाल्यांच्या गप्पा ब्रेंटफर्डविरुद्धच्या सामन्यावर येतातच. ऑक्टोबर २०२३, ०-१ पिछाडी, बदली खेळाडू म्हणून आलेला मिडफिल्डर मॅक्टॉमिने आणि भरपाईच्या वेळेत दोन गोल! तरी बहुतेक वर्षं त्याला बचावफळीसमोरच जुंपलं. तिथे पाठीवर माणूस घेऊन चेंडू घ्यायचा, वळायचं, पास काढायचा; नेमकं हेच त्याचं कच्चं.

२०२४-२५ मध्ये इटलीच्या नापोली क्लबात ते काम दुसरा मिडफिल्डर लोबोत्का करायचा. स्ट्रायकर लुकाकू समोरच्या सेंटरबॅकना, म्हणजे मधल्या बचावपटूंना, अडकवून ठेवायचा. मॅक्टॉमिने डावीकडून उशिरा, बाजूने क्रॉस सुटताना, गोलसमोरच्या बॉक्समध्ये घुसायचा. लवकर पोहोचला तर मार्कर, म्हणजे त्याच्यावर नेमलेला बचावपटू, चिकटतो. त्या मोसमात ‘सेरी आ’ या इटालियन लीगमध्ये १२ गोल, त्यातला कालियारीविरुद्धचा हवेतला कात्री-फटका तर विजेतेपदाच्या रात्रीचा. असा माणूस युनायटेडने विकला, काय बोलायचं!