कोंकची बस आणि माझं आडनाव

फ्रान्समधल्या कोंक गावी बसने जाणार असाल तर आधीच सांगतो, थांब्यावरचं वेळापत्रक खालून वर वाचा. मी वरून खाली वाचलं आणि अख्खा दिवस घालवला.

पॅरिसहून रोदेझपर्यंत रेल्वेने निवांत आलो. तिथून कोंक ४० किलोमीटरच्या आत. उजव्या बाजूने गाडी हाकायची हिंमत नव्हती, म्हणून बस. वेळापत्रकात बस होती, रस्त्यावर नव्हती. बायको आणि मी पाऊण तास उभे. शेवटी काखेत लांबलचक पाव धरलेल्या एका आजोबांनी कागदाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवलं: ही फेरी फक्त शाळा चालू असताना. ऑक्टोबरअखेर तिथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी. आम्ही दिवाळीची रजा साधून गेलेलो, म्हणजे बरोब्बर त्यातच.

त्याखाली फोन नंबर. सुट्टीत गाडी मागणीनुसार सुटते. आदल्या दिवशी पाचच्या आत जागा धरायची, कोणीच नाही धरली तर ती निघतच नाही. मी १२ वाजून ५ मिनिटांनी फोन लावला. टेप वाजली: १२ ते २ बंद. आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावर निदान चेहरा पाडून उभं तरी राहता येतं. टेपपुढे काय करणार?

दोननंतर एक बाई बोलल्या. आडनाव काय? जोगळेकर. अक्षरं सांगा. सांगितली, आपल्या सवयीने: जे, ओ, जी, ए... त्यांनी वाचून दाखवलं ते भलतंच. पुन्हा सांगितलं, पुन्हा भलतंच. मग फोन तुटला. मी नाही ठेवला. त्यानंतर तासभर नुसतं संगीत.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने गोम सांगितली. फ्रेंचमध्ये जे या अक्षराला म्हणतात 'झी' आणि जी या अक्षराला 'झे'. आपण 'ई' म्हटलं की ते आय लिहितात, 'ए' म्हटलं की ई. तिने कागदावर लिहून दिलं, मी जिन्यात उभा राहून पाठ केलं. तिने फोन करून देऊ का विचारलं, तर मी नको म्हणालो. आता इरेलाच पेटलो होतो. पाचला वीस कमी असताना बाई पुन्हा लाभल्या. दोन जागा मिळाल्या! नाव मात्र सकाळच्या... नव्हे, दुपारच्या फोनवरचंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पांढरी व्हॅन आली, चालकाने यादी पाहून हाक मारली, "मस्यू गोझेलिकेर?" मी निमूट चढलो.

वाटेतली माती कोकणातल्यासारखी लालभडक. गावात चाकांची बॅग नेऊ नका, दगडी उतारावर हात भरून येतात. छपरंही दगडी चिपांची.

सँत फ्वा या ख्रिस्ती संत मुलीच्या नावाच्या चर्चच्या दारावर बाराव्या शतकातला अंतिम न्यायाचा देखावा आहे, १२४ आकृत्यांचा. मला सगळ्यात आवडला तो तराजूपाशी उभा सैतान. आत्म्यांचं वजन चाललंय आणि हा पठ्ठ्या बोटाने पारडं दाबून काटा मारतोय. नरकात एक कंजूष गळ्यात थैलीसकट लटकलाय. चर्च पडायला आलं होतं, १८३७ साली प्रोस्पेर मेरिमे सरकारी निरीक्षक म्हणून इथे आले आणि दुरुस्तीची चक्रं फिरली. आतल्या १०४ खिडक्या मात्र १९९४च्या, रोदेझमध्येच जन्मलेल्या चित्रकार पिएर सुलाज यांच्या. काच बिनरंगाची, पण दुपारी निळसर वाटलेली संध्याकाळी चक्क केशरी झाली. तेवढ्यासाठी तरी मुक्काम करा.

चर्चच्या खजिन्यातली सोन्याने मढवलेली सँत फ्वाची मूर्ती चुकवू नका. या संत मुलीच्या अस्थी इथल्या एका भिक्षूने आजां या फ्रान्समधल्याच गावाहून चोरून आणल्या, ८६६ साली. त्यासाठी तो म्हणे तिथे दहा वर्षं राहिला होता. मी एका फोनसाठी पाच तासांत रडकुंडीला आलो.

हो, आणि परतीची जागाही आदल्या दिवशीच धरायची असते. ते मला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर आठवलं. एक रात्र जास्त राहावं लागलं, बायको खुशीत. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला फोन केला आणि बाईंनी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, "गोझेलिकेर."