कागदाच्या यंत्रापासून पीआयडीच्या बटणापर्यंत : प्रा. कार्ल योहान ओस्ट्रोम

चंद्रपूर जिल्ह्यात नियंत्रण अभियांत्रिकी, म्हणजे यंत्रे आपोआप हव्या आकड्यावर ठेवण्याचे शास्त्र, शिकवणाऱ्या माणसाला उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. बल्लारपूरला कागद कारखाना आहे, दुर्गापूरला 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे, राजुरा-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत आणि मूल-सिंदेवाहीकडे राईस मिल आहेत. तरीही हा विषय आमच्या वर्गांत बहुधा फळ्यावर सुरू होतो आणि फळ्यावरच संपतो. यंत्रणा स्थिर राहील का हे तपासण्यासाठी रूट लोकस काढला, बोडे प्लॉट काढला, नायक्विस्टचा निकष पाठ केला की परीक्षेपुरते काम भागते. या पद्धतीने शिकलेला विद्यार्थी पुढे कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये उभा राहतो तेव्हा समोरच्या पडद्यावरील आकडे आणि आपण सोडवलेली गणिते यांचा संबंध त्याला लावता येत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी सुरुवातीलाच एक पूर्ण तास स्वीडनच्या एका प्राध्यापकाच्या कारकिर्दीसाठी ठेवतो. त्यांचे नाव कार्ल योहान ओस्ट्रोम.

ओस्ट्रोम यांचा जन्म 1934 साली ओस्टरसुंड या गावी झाला. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून 1957 मध्ये त्यांनी अभियांत्रिकी भौतिकीची पदवी घेतली आणि 1960 मध्ये तेथेच डॉक्टरेट मिळवली. त्या वर्षांत ते संरक्षण संशोधनासाठी जडत्वीय दिशादर्शनाच्या, म्हणजे बाहेरच्या खुणांशिवाय वाहनाची स्थिती ठरवण्याच्या प्रश्नावर काम करीत होते. एवढी गणिती तयारी असलेला तरुण त्या काळी सरळ विद्यापीठात जाऊन प्रमेये सिद्ध करीत बसला असता तर कोणाला आश्चर्य वाटले नसते. ओस्ट्रोम मात्र 1961 मध्ये आयबीएमच्या नॉर्डिक प्रयोगशाळेत गेले आणि तेथून बिलेरूड कंपनीच्या ग्रुव्हॉन येथील कागद कारखान्यात पोहोचले. आयबीएम 1710 हा संगणक लावून कागदाचे यंत्र चालवायचे, असे ते काम होते.

येथे थोडे थांबून कागदाच्या यंत्राची अडचण समजून घेतली पाहिजे, कारण ओस्ट्रोम यांच्या पुढच्या सगळ्या कामाची बीजे तिच्यात आहेत. पाण्यात मिसळलेला लगदा एका टोकाने धावत्या जाळीवर पडतो, जाळीतून पाणी निथळते, मग रोलर दाबून आणखी पाणी काढतात, त्यानंतर वाफेने तापवलेल्या सिलिंडरांच्या रांगेवरून ओला कागद वाळत जातो आणि दुसऱ्या टोकाला रिळावर गुंडाळला जातो. कागदाचे प्रति चौरस मीटर वजन आणि त्यातील ओलावा हे दोन आकडे रिळाजवळ मोजले जातात. लगद्याचा व्हॉल्व्ह मात्र सुरुवातीच्या टोकाला असतो. व्हॉल्व्ह आता फिरवला तर त्याचा परिणाम रिळाजवळ काही वेळाने दिसतो, आणि दरम्यान लगद्याची दाटी, वाफेचा दाब, तंतूंची प्रत यांत सतत बारीकसारीक चढउतार चालूच असतात. अनुभवी ऑपरेटर त्यामुळे फार हात लावत नाही. आपण केलेली दुरुस्ती पोहोचेपर्यंत बिघाड उलट्या दिशेला वळलेला असू शकतो, हे त्याला वर्षानुवर्षांच्या पाळ्यांतून कळलेले असते.

ओस्ट्रोम यांनी या प्रश्नाकडे पाहिले ते पैशाच्या बाजूने. समजा ग्राहकाच्या करारात ओलाव्याची कमाल मर्यादा 8 टक्के आहे. ओलावा वर-खाली फार होत असेल तर एकही रीळ मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून सरासरी 6 टक्क्यांवर ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक टनामागे जास्तीची वाफ जाळून कागद गरजेपेक्षा अधिक वाळवावा लागतो. चढउतार निम्म्यावर आणले तर सरासरी 7 टक्क्यांपर्यंत नेता येते. वाफ वाचते, उत्पादन वाढते आणि मर्यादाही पाळली जाते. यातून नियंत्रकाचे, म्हणजे व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे ठरवणाऱ्या यंत्रणेचे, उद्दिष्ट नेमके झाले : चढउताराचे विचरण (सरासरीभोवतीचा पसारा) शक्य तितके कमी करणे. विलंबाच्या काळानंतर ओलावा किती असेल याचा उत्तमात उत्तम अंदाज आज बांधायचा आणि तो अंदाज हव्या त्या आकड्याशी जुळेल अशा रीतीने व्हॉल्व्ह फिरवायचा. मग उरणारी चूक म्हणजे फक्त जे आधी कळणे शक्यच नव्हते ते. त्याखाली कोणताही नियंत्रक जाऊ शकत नाही.

हे काम 1967 मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते असे की त्या सिद्धांताची परीक्षा कारखान्यातच घेता येते. विलंबाच्या काळाहून अधिक अंतरावरच्या चुकांमध्ये परस्परसंबंध उरलेला नसेल तर नियंत्रक सर्वोत्तम आहे, उरलेला असेल तर सुधारणेला जागा आहे. 1989 मध्ये थॉमस हॅरिस यांनी याच गोष्टीवरून चालू लूपची, म्हणजे मोजमाप, नियंत्रक आणि व्हॉल्व्ह यांच्या साखळीची, गुणवत्ता केवळ नेहमीच्या नोंदींवरून मोजण्याची पद्धत मांडली आणि आज मोठ्या कारखान्यांत शेकडो लूपची तपासणी त्या विचारावर आधारलेली असते.

या कामासाठी यंत्राचे गणिती प्रतिरूप हवे होते आणि ते पुस्तकात मिळणारे नव्हते. यंत्र चालू असताना व्हॉल्व्हला मुद्दाम लहान-लहान हालचाली द्यायच्या, कागद विकण्यायोग्य राहील इतक्याच, आणि मिळालेल्या नोंदींवरून समीकरणातील सहगुणक काढायचे, असे करावे लागले. टॉर्स्टन बोहलिन यांच्याबरोबर ओस्ट्रोम यांनी 1965 मध्ये या पद्धतीवर लेख सादर केला आणि ‘सिस्टिम आयडेंटिफिकेशन’ ही शाखा उभी करणाऱ्या लेखांत त्याची गणना होते.

त्याच 1965 साली, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, ते स्वीडनमधल्याच लुंड येथे स्वयंचलित नियंत्रण विषयाचे प्राध्यापक झाले. विभाग नवा होता, तो त्यांनीच उभारायचा होता. पुढची साडेतीन दशके ते तेथेच राहिले. मोठ्या नावाच्या माणसाने एका ठिकाणी इतका काळ राहणे याला मी फार महत्त्व देतो. प्रयोगशाळा, विद्यार्थ्यांची परंपरा आणि आसपासच्या उद्योगांचा विश्वास या तिन्ही गोष्टी सावकाश वाढतात, आणि दर तीन वर्षांनी शिक्षक बदलत असलेल्या विभागात त्यांतली एकही मूळ धरत नाही. आमच्याकडच्या ग्रामीण महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील नेमणुकांनी हे नुकसान रोज होते आहे.

लुंडमधले पहिले मोठे फळ 1973 चे. ब्योर्न विटेनमार्क या त्यांच्या विद्यार्थ्यासह त्यांनी स्वतःच स्वतःला जुळवून घेणारा नियंत्रक मांडला. प्रतिरूप आधी तयार करून मग नियंत्रक ठरवण्याऐवजी दोन्ही कामे प्रत्येक नमुन्यागणिक सोबतच करायची, असा तो विचार होता. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही वर्गात सांगताना मला तितकाच विलक्षण वाटतो. यंत्रातला गोंगाट, म्हणजे अनियमित चढउतार, गुंतागुंतीचा असेल तर साध्या लघुतम वर्ग पद्धतीने काढलेले सहगुणक चुकीचे येतात, हे सर्वांना ठाऊक होते. ओस्ट्रोम आणि विटेनमार्क यांनी दाखवले की नियंत्रकाची रचना पुरेशी असेल आणि सहगुणक स्थिरावले, तर ते ज्या नियंत्रकावर स्थिरावतात तो सर्वोत्तमच असतो. ते स्थिरावतात कधी, या प्रश्नावर लुंडचाच विद्यार्थी लेनार्ट ल्युंग याने पुढे मूलगामी काम केले आणि 1976 मध्ये तो स्वतः लिंकोपिंगला प्राध्यापक झाला. एका कारखान्याच्या अडचणीतून एक विद्याशाखा आणि त्या शाखेतून दुसऱ्या शहरात दुसरा विभाग, असा हा विस्तार आहे.

पण कारखान्यात सर्वत्र असतो तो पीआयडी नियंत्रक. आत्ताची चूक, तिची साठत आलेली बेरीज (इंटिग्रल) आणि तिच्या बदलाचा वेग (डेरिव्हेटिव्ह) या तिन्हींवरून तो दुरुस्ती ठरवतो, आणि त्यासाठीचे तीन आकडे कोणीतरी बसवावे लागतात. ते नीट बसवलेले नसले की लूप डुलू लागतो, ऑपरेटर तो मॅन्युअलला टाकतो आणि मग तो मॅन्युअललाच राहतो. आमचे विद्यार्थी प्रशिक्षणाहून परततात तेव्हा ही गोष्ट आवर्जून सांगतात. झीगलर आणि निकोल्स यांनी 1942 मध्येच एक रीत दिली होती : गेन, म्हणजे चुकीच्या प्रमाणात दुरुस्ती किती करायची तो आकडा, वाढवत न्यायचा, लूप सतत आंदोलन करू लागला की तो गेन आणि आंदोलनाचा काळ टिपायचा. चालू बॉयलरवर असे करण्याचे धाडस कोणताही शहाणा माणूस करणार नाही, कारण सीमारेषा ओलांडली तर आंदोलन वाढतच जाते. ओस्ट्रोम आणि टोरे हेग्लुंड यांनी 1984 मध्ये त्यावर जो उपाय सुचवला तो साधेपणामुळेच थोर आहे. नियंत्रक काही काळ बाजूला करा आणि त्याच्या जागी एक रिले ठेवा, जो मोजमाप हव्या आकड्याच्या वर गेले की झडप थोडी मिटतो आणि खाली आले की तितकीच उघडतो. लूप आपोआप आंदोलन करू लागतो, जवळपास त्याच वारंवारतेने, पण आवाक्यात, कारण झडपेची उडी आपण ठरवलेली असते. त्या उडीची चौपट काढून तिला पाय (π) आणि आंदोलनाचा आयाम यांच्या गुणाकाराने भागले की अंतिम गेन, म्हणजे सतत आंदोलनाच्या सीमारेषेवरचा गेन, मिळतो. त्याच्या 0.6 पट गेन, आंदोलनकाळाच्या निम्मा इंटिग्रल काळ आणि आठवा हिस्सा डेरिव्हेटिव्ह काळ, ही झीगलर-निकोल्सच्या रीतीतली सुरुवातीची निवड. हे सगळे एका बटणात बसले आणि औद्योगिक नियंत्रकांत रुजले.

पुढे 1993 मध्ये त्यांना आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचे मेडल ऑफ ऑनर मिळाले, इतरही सन्मान पुष्कळ मिळाले. निवृत्तीनंतर ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतही शिकवत राहिले. कॅलटेकच्या रिचर्ड मरे यांच्यासह लिहिलेले त्यांचे फीडबॅकवरील पाठ्यपुस्तक 2008 मध्ये निघाले आणि लेखकांनी ते इंटरनेटवर विनामूल्य ठेवले. ज्या ग्रंथालयात या विषयाच्या चार प्रती आणि साठ विद्यार्थी असतात तेथे या एका निर्णयाचे मोल काय आहे, हे मी रोज पाहतो.

लुंडच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना पाण्याच्या एकावर एक ठेवलेल्या दोन टाक्यांची पातळी नियंत्रित करायला देतात. आम्ही तोच प्रयोग प्लास्टिकच्या बरण्या, कूलरचा पंप, दाबाचा सेन्सर आणि एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर यांवर बसवला आहे. पंपाला रिलेने चालू-बंद केले की पडद्यावर आंदोलन उमटते, विद्यार्थी आयाम आणि काळ मोजतात, आकडे घालतात आणि पातळी जागेवर येते. फळ्यावर नायक्विस्टचा आलेख ऋण अक्षाला जेथे छेदतो तो बिंदू म्हणजे हेच आंदोलन, हे त्यानंतर समजावून सांगावे लागत नाही.

यंदा अंतिम वर्षाचा एक गट मूलकडच्या एका राईस मिलमध्ये जातो आहे. उष्णा तांदळासाठी धान भिजवून, वाफवून मग ड्रायरमध्ये सुमारे 14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात. कमी वाळले तर साठवणीत खराब होते, जास्त वाळले तर वजन घटते आणि भरडताना कणी पडते. गरम हवा तुसावर चालणाऱ्या भट्टीतून येते आणि तुसाचा ओलावा रोज वेगळा असतो. ड्रायर सांभाळणारे काका गेली कित्येक वर्षे मूठभर धान दाताखाली फोडून ओलावा ओळखतात. मुलांनी नोंदी घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते मला म्हणाले, “सर, पावसाळ्यात हे आकडे चालनार नाही, तेव्हा भट्टीच वेगळी जळते.” स्थिर सहगुणकांचा नियंत्रक येथे का अपुरा पडेल, याचे याहून नेमके विधान मला सुचले नसते. मुलांनी ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे.

सध्या दर दहा मिनिटांनी हवेचे तापमान आणि दर अर्ध्या तासाने धानाचा ओलावा टिपला जातो. काकांचा अंदाज आणि मीटरचा आकडा शेजारीशेजारी मांडतो. मालकांनी गरम हवा कमी-जास्त करणारा पडदा थोडाथोडा हलवून पाहण्याची परवानगी दिली आहे, अट एवढीच की लॉट बिघडता कामा नये. ग्रुव्हॉनच्या कारखान्यालाही हीच अट होती. दिवाळीनंतर नवीन धान येऊ लागले की पहिले प्रतिरूप बसवून पाहू, आणि पुढच्या पावसाळ्यातल्या नोंदींवर ते टिकते का, हे पुढच्या वर्षीचा गट तपासेल.