ख्रिस्तपुराण कुठल्या कपाटात?

बी. डी.च्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीच्या, शोधनिबंधासाठी मी विषय दिला, फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’तलं, म्हणजे त्याने मराठीत सांगितलेल्या ख्रिस्तकथेतलं, ‘वैकुंठ’. सर म्हणाले, “आधी पुस्तक हातात घे, मग बोल.”

मी नगरकडच्या खेड्यातला, मराठी माध्यमाचा. तोवर सेमिनरीचं ग्रंथालय माझ्या लेखी रविवारच्या उपदेशाची सोय होती. रिझर्व्हमधून एखादं भाष्य काढायचं, पानभर उतरवायचं, झालं.

संगणकावर रोमनमध्ये चार प्रकारे नाव टाकून पाहिलं, सापडेना. मग २३२च्या कपाटाशी गेलो, ख्रिस्ताविषयीची पुस्तकं तिथेच. (पुस्तकांचे हे वर्गांक ठरवणाऱ्या ड्यूईने ख्रिस्ती धर्माला २८०च्या पुढपर्यंत ऐसपैस जागा दिली आणि बाकी सगळ्या धर्मांना २९०मध्ये दाटीवाटीने बसवलं, हे तेव्हाच लक्षात आलं.) तीन दिवस गेले. शेवटी ग्रंथपाल मॅडमना विचारलं. त्यांनी मानही वर केली नाही. “ओव्या आहेत ना त्यात? मग ८९१.४६.”

मराठी साहित्य! मागच्या भिंतीशी, सगळ्यात खालचा कप्पा. १६१६मध्ये रोमन लिपीत छापलेल्या पहिल्या आवृत्तीची आज एकही प्रत उरलेली नाही. इथे होती ती पुण्यात निघालेली १९५६ची देवनागरी आवृत्ती, खाकी कव्हर घातलेली. तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा. मी चिडून म्हणालो, “मॅडम, हे ईश्वरविज्ञानात नको का?” त्या म्हणाल्या, “तिकडे ठेवलं तर कवितेवाले शोधत बसतील.”

पुढचे तीन आठवडे मी ग्रीक बायबलची शब्दसूची घेऊन ‘स्वर्ग’ कुठे कुठे येतो ते मांडत होतो. वही भरली. आपल्या बायबलात ‘स्वर्ग’ असताना स्टीफन्स ‘वैकुंठ’ का म्हणतो, असा माझा मोठा प्रश्न. मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश इश्यू होत नाही, म्हणून रोज संदर्भ विभागातच बसायचो. एके दिवशी मॅडम वही चाळून म्हणाल्या, “अरे, हा येशूसंघी, म्हणजे कॅथलिक माणूस. याच्यासमोर लॅटिन बायबल असणार. आणि तू ज्याच्याशी ताडून बघतोयस ते मराठी बायबल तेव्हा होतं कुठे?”

खरंच. स्टीफन्स वारला १६१९ला, आणि मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी नवा करार बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला १८११मध्ये. रूढ ख्रिस्ती शब्द सोडून त्याने ‘वैकुंठ’ घेतला असं मी गृहीत धरलं होतं; सोडायला तसा शब्दच रूढ झालेला नव्हता. मॅडमनी व्हल्गेटचा, म्हणजे त्या लॅटिन बायबलचा, जाडजूड खंड टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेल्या. दुसरं प्रकरण मी पहिल्यापासून लिहिलं.

तोंडी परीक्षेआधी ग्रंथालयाची नो ड्यूजची सही लागते. दंड भरला, पुस्तक परत केलं. मॅडमनी एक कोरं कार्ड पुढे सरकवलं, “अक्षर बरं आहे तुझं, लिही.” २३२च्या कप्प्याला ते अजून चिकटवलेलं आहे: ‘ख्रिस्तपुराण – पाहा ८९१.४६’.