धुळवड, जुनं नाशिक आणि नाचणारे वीर

धुळवड, रात्र.

पोटऱ्या भरून आल्यात. नाशिक नऊ टेकांवर वसलंय हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण इंदिरानगरच्या सपाट रस्त्यांवर स्कूटर पळवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. गाडी शालिमारला लावली आणि गावात पायी शिरलो. भद्रकालीच्या पुढे एकेक गल्ली चढायला लागते, वळते, परत उतरते. पावसाळ्यात या सगळ्या टेकांवरचं पाणी दहीपुलाकडे आणि सराफ बाजारात का धावतं, ते इथं चालल्यावर आपोआप कळतं.

वेळ होता म्हणून आधी जुन्या मातीच्या गढीच्या बाजूला गेलो. 1950-51 साली पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी इथं उत्खनन केलं आणि सातवाहनांच्याही आधीपासूनची वस्ती थरांथरांनी वर काढली. आज त्याच मातीच्या कडेवर लोक राहतात. पावसाळा तोंडावर आला की कडा ढासळण्याच्या बातम्या, नोटिसा, स्थलांतराच्या चर्चा. पाऊस सरला की सगळे गप्प.

आत्याकडे पोचलो तर कालची पुरणपोळी तव्यावर. "आत्या, दाजीबा किती वाजता येतो?"

"तो काय सिटीबस आहे का वेळेवर यायला? दारोदारी ओवाळत ओवाळत येईल. तू आधी खाऊन घे."

बाहेरच्या माणसाला धुळवडीला नाशकात रंग का नाही, याचं नवल वाटतं. रंग रंगपंचमीला; आजचा दिवस वीरांचा. घराण्यातल्या पूर्वजांचे टाक, म्हणजे देवघरातल्या धातूच्या छोट्या प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, वाजतगाजत गोदावरीवर न्यायचे, न्हाऊ घालायचे, परत आणायचे. मान दाजीबा वीराचा. जानोरीकडचा गवळी, अंगाला लग्नाची हळद लागलेली, त्यातच मारला गेला, अशी कथा सांगतात. म्हणून हा वीर आजही बाशिंग बांधून, नवरदेवाच्या थाटात निघतो. लोक नवस बोलतात, फेडतात.

पण मला दाजीबापेक्षा लक्षात राहिले ते एक आजोबा. पांढरं धोतर, कपाळावर भंडारा, दोन्ही हातांत लाल फडक्यात धरलेली वाटी. समोर हलगीवाला एकटाच. आजोबा चार पावलं पुढे, दोन मागे, मग जागच्या जागी एक गिरकी. वाटी तसूभरही कलंडत नव्हती. त्यांच्या बाजूला काजळाची मिशी काढलेला नातू, कमरेला लाकडी तलवार. त्याचं सगळं लक्ष समोरच्या कुल्फीच्या गाडीवर. मधेच हलगीची लय वाढली तसे आजोबा त्याच्याकडे बघून "अरे, नाच की!" म्हणाले. पोरगं दोन उड्या मारून परत कुल्फीकडे. दारातल्या बाया पाणी घेऊन पुढे आल्या, आजोबांच्या पायावर घातलं, ओवाळलं. आजोबांनी वर पाहिलंही नाही.

प्रेक्षक असे तिथं कोणी नव्हतेच. मोबाइल घेऊन उभा असलेला मीच काय तो उपरा वाटलो आणि फोन खिशात टाकला. याचा कुणी 'महोत्सव' करू नये, खुर्च्या मांडू नयेत, इतकंच वाटतं.

थोड्या वेळाने कोपऱ्यावरून एक ढोलपथक आलं आणि हलगी बुडाली. नाशिक ढोलाशी माझं वैर नाही. टिपरू पडलं की छातीच्या पिंजऱ्यात घुमतं, त्याची मजा वेगळीच. केरळातल्या मिरवणुकांतही तो 'नाशिक ढोल' याच नावानं वाजतो, याचा अभिमानही आहे. पण अरुंद बोळात, दोन्हीकडे भिंती असताना पंधरा-वीस ढोल एकदम? आजोबा तेवढा वेळ एका ओट्याला टेकून थांबले. पथक गेलं, हलगीवाल्याने हलगी शेकली, परत सुरू.

येताना तांबट आळीतून आलो. आत्या सांगते, तिच्या लहानपणी दुपारी इथं मठारकामाच्या, म्हणजे भांडी हातोडीनं ठोकण्याच्या, ठोक्यांशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही. कान बसलेले तांबट एकमेकांशी खुणांनीच बोलायचे. आज सण म्हणून सगळं बंद. एरवीही स्टीलच्या भांड्यांनी बरेचसे हातोडे थांबवलेच आहेत.

आता चार दिवसांनी रंगपंचमी. रस्त्याखाली वर्षभर गाडलेल्या पेशवेकालीन रहाडी उकरतील, फळ्या काढतील, आठ-दहा फूट खोल हौदात रंग भरतील. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंधा चौकातली पिवळी. आत्याने बजावलंय, जुने कपडे घालून ये, तो पिवळा लवकर निघत नाही. मी काठावर उभा राहून बघेन म्हणालो. तिचा मुलगा हसला फक्त. धप्पा, म्हणजे रहाडीत उडी, मला मारावाच लागणार, बहुतेक मागून ढकलल्यावर.